जुने कन्सोल गेम : सध्या काय खेळताय, कसं वाटतंय?

चाळकरी

घोटा मुरगळल्यामुळे तीन आठवडे मुलुंडच्या घरात पडून आहे. ऑफिसचं काम लॅपटॉपवर उरकतो आणि दुपारी मुलाच्या पीएसफोरवर (प्लेस्टेशन ४) डल्ला मारतो. तो शाळेतून येईपर्यंतच. नंतर मला कोण विचारतो.

सेलमध्ये 'कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' दिसलं. कोनामीनं २०१९ साली कॉन्ट्रा हे पळत गोळ्या झाडायचे जुने गेम एकत्र करून काढलेला संच. त्यातला १९८८चा एनईएसवाला (निन्टेन्डोचा तेव्हाचा कन्सोल) लावला. मनात म्हटलं, हा तर आपला हातचा मळ. लालबागच्या चाळीत मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि दादा मिळून आठही स्टेज काढायचो, तेही तीस जीवांचा कोड न वापरता. बाहेरच्या गॅलरीत पोरं उभी राहून खिडकीतून बघायची.

पहिल्याच स्टेजच्या त्या फुटणाऱ्या पुलावर माझे दोन जीव गेले. तिसरा पुलापलीकडे. तीन दिवस रोज तासभर खेळून धबधब्याच्या स्टेजपर्यंत पोचलोय. (धबधबा आठवतोय ना? दोघं खेळताना वरचा घाईनं चढला की पडदा वर सरकतो आणि खालचा फुकट मरतो. आमच्याकडे त्यावरून पट्टीनं मारामारी झालेली आहे.) गोळ्या मला आठवतात त्यापेक्षा वेगानं येतायत असं वाटतं. उडी मारेपर्यंत गोळी छातीत.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "वय झालं."

मला हे पटत नाही, पण दुसरं कारणही सापडत नाही. असो. तुम्ही कोणता जुना गेम खेळताय? खरा डबा असो, संच असो, एम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) असो, मला फरक पडत नाही. फक्त 'लहानपणी काय मजा यायची' एवढंच लिहू नका. आता खेळताना काय वाटतंय ते लिहा.

गोट्या भांडुपकर

वहिनी बरोबर बोलल्या. हलके घ्या.

निलांबरी

मी पीएसटूवर 'शॅडो ऑफ द कोलोसस' खेळतेय. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा खेळले तेव्हा कॉलेजात होते आणि पीएसटू भावाचा होता, म्हणजे तो झोपल्यावर, आवाज बंद करून. आता माझा स्वतःचा आहे. गोरेगावच्या एका काकूंनी घर बदलताना विकायला काढला होता. दोन कंट्रोलर आणि आठ एमबीचं मेमरी कार्ड धरून अठराशे रुपये. कार्डावर त्यांच्या मुलाचा सॅन अँड्रियास गेमचा सेव्ह तसाच होता. पुसायचा जीव झाला नाही.

गेम २००५चा. अफाट माळरान, त्यात तुम्ही, एक तलवार, एक धनुष्य, एक घोडा आणि सोळा महाकाय प्राणी. मधे फुटकळ शत्रू नाहीत, गाव नाही, दुकान नाही. तलवार उन्हात धरली की तिरीप एका जागी गोळा होते, त्या दिशेनं जायचं. तो धिप्पाड प्राणी सापडला की त्याच्या अंगावरचे केस धरून वर चढायचं. आणि धरायचं म्हणजे खरोखर धरायचं. आर-वन बटण सोडलं की माणूस खाली. प्राणी अंग झटकत राहतो, पकडीचं वर्तुळ आकसत जातं, आणि आपण इकडे पलंगावर बसून बोट पांढरं पडेस्तोवर बटण दाबतोय. पाचवा प्राणी म्हणजे तळ्यावरून उडणारा पक्षी. त्याच्या पाठीवरून शेपटीकडे जाताना मी श्वास घेत नव्हते हे नंतर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये वरची कडी पकडली तर नेमकं तेच बोट ठणकलं.

लोक या गेममधल्या घोड्याला नावं ठेवतात, सांगितलेलं ऐकत नाही म्हणून. मला तोच आवडतो. टाच मारली की तो क्षणभर आपलं म्हणणं विचारात घेतो. माथेरानला घोड्यावर बसलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

तक्रार आहे ती पीएसटूचीच. त्याला हा गेम झेपत नाही. धूळ उडाली आणि प्राणी जवळ आला की चित्र अडखळतं. २०१८ साली पीएसफोरसाठी नव्यानं बनवलेला मैत्रिणीकडे पाहिला. तो लोण्यासारखा चालतो. पण तिथे गवताची पातीन् पाती दिसते, आणि मला जुन्यातलं ते फिकट, ऊन लागल्यासारखं आभाळच जास्त आवडतं. सहा झाले, दहा बाकी. प्राणी कोसळतो तेव्हा वाजणारं संगीत विजयाचं नाही, हे मला पहिल्या वेळी ऐकूच आलं नव्हतं. आवाज बंद होता ना.

आरसी जॅक

चाळकरी, तुमचं वय झालेलं नाही. म्हणजे झालं असेल, पण गोळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. तुमचा चाळीतला कॉन्ट्राच हळू होता.

आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवणारा. जपान-अमेरिकेत एनटीएससी, सेकंदाला ६० वेळा. तेव्हाचे गेम लिहिणारे घड्याळाकडे बघत नसत. पडदा एकदा रंगला की माणूस इतके ठिपके पुढे, गोळी इतके ठिपके पुढे, असा त्यांचा हिशोब. पडदा ६०ऐवजी ५० वेळाच रंगला तर सगळं एक षष्ठांशानं मंद. गाणंसुद्धा, कारण पुढचा सूर कधी लावायचा तेही पडद्याच्याच तालावर ठरतं. तिकडे पाच मिनिटांत होणारी गोष्ट इकडे सहा मिनिटं चालते.

आपल्या घरांत आलेले बहुतेक 'व्हिडिओ गेम' म्हणजे १९८३च्या जपानी फॅमिकॉमच्या (एनईएसचाच जपानी अवतार) नकला. आतली चिप आपल्या टीव्हीला जुळवलेली, कॅसेटमधला गेम मात्र ६०च्या हिशोबानं लिहिलेला. पीएसफोरवरचा तुमचा संच ६०नं चालतोय. तेव्हा गोळ्या वेगात येत नाहीयेत, त्या आता योग्य वेगानं येतायत. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरच्या पहिल्या सॉनिकचंही पाल टीव्हीवर असंच झालं होतं. जगातला सगळ्यात वेगवान हेजहॉग, आणि तो पाय ओढत धावायचा.

काही डबे एनटीएससीचेही यायचे, त्यामुळे तुमचा कुठला हे छातीठोकपणे नाही सांगत. तुमच्या टीव्हीवर रंग नीट दिसायचे का? एनटीएससीचा डबा साध्या पाल टीव्हीला जोडला की चित्र काळंपांढरं व्हायचं.

गोट्या भांडुपकर

म्हणजे १९९० ते २००० या काळातले अख्ख्या भारताचे हायस्कोअर रद्द? आमच्या बिल्डिंगमध्ये यावरून दंगल होईल.

चाळकरी

जॅकभाऊ, तुमच्या पायांचा फोटो पाठवा, फ्रेम करून लावतो.

रंग चांगले दिसायचे. कॉन्ट्राचं जंगल हिरवंगार होतं, नक्की. डबा दादाच्या डोंबिवलीच्या घरी माळ्यावर असणार. वर 'टर्मिनेटर' लिहिलेलं, काळा, दोन कंट्रोलर आणि बंदूक. तो चालू झाला तर हे तपासून बघायचा काही मार्ग आहे का? बायकोला पुरावा लागतो.

आरसी जॅक

आहे की. सुपर मारिओ लावा. पहिली स्टेज सुरू करा आणि हाताची घडी घालून बसा. मारिओ जागचा हलला नाही तर त्याच्याकडे कुणी येत नाही. वर कोपऱ्यात वेळ ४००पासून उतरत जातो. तो आकडा सेकंदांचा नाही, पडदा २४ वेळा रंगला की एकानं कमी होतो. ६०च्या यंत्रावर ४०० संपायला २ मिनिटं ४० सेकंद लागतात. ५०च्या यंत्रावर ३ मिनिटं १२ सेकंद. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे. युरोपातल्या कॅसेटांमध्ये निन्टेन्डोनं वेग जुळवून दिला होता, तिथे हे गणित चालणार नाही. पण आपल्या ९९९९९९९-इन-वन कॅसेटीत कुठले आलेत ते लाड.

दोन सूचना. अ‍ॅडॉप्टर हरवला असेल तर हाताला येईल तो खुपसू नका. फॅमिकॉमच्या पिनेला आत वजा आणि बाहेर अधिक असतं, आजच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरांचं नेमकं उलट. नकलांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. डब्याच्या बुडाशी खूण असते ती बघा, मल्टिमीटर लावा. आणि कॅसेटीत फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्यानं तांब्याच्या पट्ट्या गंजतात. तेव्हा फुंकर मारली की गेम चालायचा तो फुंकरीनं नाही, काढून पुन्हा बसवल्यामुळे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानातली काडी घ्या. मुंबईच्या पावसाळ्यातून पंचवीस वेळा गेलेली कॅसेट आहे ती, दोनतीन काड्या काळ्या होतील.

माहीमची मावशी

या धाग्यावर सगळ्यात वयस्कर मीच असणार. आमच्याकडे डबा आणला तो मुलांसाठी. पण दुपारी मुलं शाळेत गेली, भांडी घासून झाली, की मी आणि जाऊबाई 'टँक' लावायचो. त्याचं खरं नाव 'बॅटल सिटी' हे मला गेल्या वर्षी नातवानं सांगितलं. नाम्कोचा, १९८५चा. अमेरिकेत तो विकलाच गेला नाही म्हणे. काय गमावलं त्यांनी!

नातवानं हातात मावणारं एक यंत्र दिलंय, टीव्हीलाही जोडता येतं. त्यावर रोज अर्धा तास खेळते. प्रत्येक स्टेजला २० शत्रू रणगाडे, खाली मधोमध आपला गरुड, त्याच्याभोवती विटांची भिंत. लाल चमकणारा रणगाडा फोडला की बक्षीस येतं. फावडं आलं तर भिंत थोडा वेळ पोलादी होते. बाकी सगळं तुमच्या डोक्यावर. ३५ स्टेज आहेत, मी एकटीनं २२व्यापर्यंत गेलेय. एकटीनं खेळताना कळलं की तेव्हा आम्ही इतक्या पुढे कशा जायचो. जाऊ गरुडाजवळून हलायची नाही. मी पुढे जाऊन मारामारी करायची आणि वाटायचं की मीच जिंकतेय.

एक मात्र होतं. आपल्याच माणसाची गोळी लागली तर रणगाडा मरत नाही, पण थोडा वेळ जागच्या जागी थिजतो. जावेची गोळी मला हमखास लागायची. "अगं, चुकून लागली!" तीस वर्षं ती हेच सांगतेय. आता विरारला असते, फोनवरही हेच सांगते.

नातवाला विटा रचून स्वतःचा नकाशा करायला शिकवलं. त्यानं विटांत स्वतःचं नाव लिहिलं. यंत्र बंद केल्यावर पुसलं गेलं म्हणून रडला. तेव्हाही पुसलं जायचं रे बाबा.

जॅक, एक विचारायचंय. बदकं मारायची बंदूक जपून ठेवलीय. डबा नातवाच्या बाबांच्या मोठ्या टीव्हीला जोडला, चित्र आलं, पण एक बदक मरत नाही. बंदूक बिघडली का?

आरसी जॅक

मावशी, बंदूक ठीक असेल, टीव्ही चुकीचा आहे. चाप ओढला की क्षणभर अख्खा पडदा काळा होतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक काही फेकत नाही, तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा आहे. काळ्यानंतर लगेच पांढरं दिसलं तर बदक मेलं. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे जिथल्या तिथे घडायचं. आजचा टीव्ही चित्र आधी स्वतःच्या पोटात फिरवतो आणि थोड्या उशिरानं दाखवतो, तोवर गेमनं बघणं थांबवलेलं असतं. शिवाय ती बंदूक जुन्या टीव्हीच्या लुकलुकण्यावर बेतलेली.

बल्बकडे धरून फसवता येईल का, असं कुणी विचारण्याआधीच सांगतो. नाही. आधी काळं दिसावं लागतं, आणि बल्ब विझत नाही.

गोट्या भांडुपकर

आणि एका बदकाच्या गेममध्ये दुसऱ्या कंट्रोलरनं बदक हलवता येतं हे किती जणांना माहीत होतं? मला होतं. माझ्या बहिणीला नव्हतं. तिचा नेम वाईट आहे असं तिला बारावीपर्यंत वाटायचं.

सायडिंगचा मास्तर

'मेटल गियर सॉलिड', पहिला, १९९८चा. सध्या २०२३च्या 'मास्टर कलेक्शन'मधून खेळतोय. हा गेम मी २००० साली अर्धवट सोडला होता. कारण ऐका आणि हसा.

पीएसवनची सीडी फुटपाथवरून घेतलेली. पारदर्शक पाकीट, वर निळ्या मार्करनं 'मेटल गियर १'. छापील कागद वगैरे काही नाही. गेममध्ये एका ठिकाणी मेरिल नावाच्या मुलीशी रेडिओवर बोलायचं असतं. एक म्हातारा तुम्हाला सांगतो की तिची फ्रिक्वेन्सी सीडीच्या खोक्याच्या मागे आहे. मी गेममधलं सगळं सामान उपसलं. त्यात खरोखर एक डिस्क असते, ती वापरून बघितली. काही नाही. ते खरं खोकं आहे, दुकानातून विकत घेतलेल्या गेमचं खोकं, हे लक्षात यायला चार दिवस गेले. मग मी पाकीट उलटं केलं. मागे पारदर्शकच.

शेवटी एकेक आकडा फिरवून कॉल लावायचं ठरवलं. १४१च्या वरच्या टोकापासून खाली यायला सुरुवात केली. खरी फ्रिक्वेन्सी १४०.१५. खालून वर गेलो असतो तर पंधरा मिनिटांत सापडली असती. मी दोन रात्री कॉल लावले, मग परीक्षा आली, मग तो कन्सोल मावसभावाकडे गेला.

आता पंचवीस वर्षांनी पुढचा गेम बघतोय. पहारेकऱ्यांना चार पावलांपलीकडचं दिसत नाही, पण बर्फातले पावलांचे ठसे बघून मागे येतात. एवढं १९९८ला केलं होतं! मनातलं ओळखणारा तो मँटिस तर बाकीच्या गेमांचे सेव्ह वाचून आपल्याला ऐकवतो. पण बोलतात किती! रेडिओ सुरू झाला की मी चहा टाकून येतो, परत येतो तरी अणुबॉम्बवर प्रवचन चालूच.

खादाड पेंग्विन

इथे अजून कुणी 'क्रिकेट ०७' लिहिला नाही म्हणजे तुम्ही मुंबईकर नाही. पीएसटूवर आजही आठवड्याला एक मॅच. ईए कंपनीचा शेवटचा क्रिकेट गेम. परवाने अ‍ॅशेसवाल्या दोन संघांचे, त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून घातलेली. मेमरी कार्ड नवीन घेतलं की पहिलं काम म्हणजे एकेक अक्षर निवडत अकरा नावं सुधारणं, सत्यनारायणाच्या पूजेआधी सुपाऱ्या मांडतात तसं. फील्डिंग तेव्हाही वाईट होती, आजही वाईट आहे. रन आउट होतो तेव्हा दोन्ही फलंदाज एकमेकांकडे सरकारी कर्मचाऱ्यासारखे बघतात.

अवांतर : 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आठवतोय का? २०१०चा, पीएसटूवरच, आपल्या मुंबईच्या ट्राइन गेम्सनं केलेला. गल्लीतलं क्रिकेट. परत लावून पाहिला. बेताचाच आहे, पण कन्सोलवर गल्ली दिसली याचंच तेव्हा अप्रूप होतं.

कुंदा के

'पोकेमॉन गोल्ड', गेमबॉय कलरवर. मामानं मस्कतहून आणला होता. गेल्या महिन्यात कपाट आवरताना सापडला. दोन पेन्सिल सेल घातले, चालू झाला, माझ्या डोळ्यांत पाणी. 'कंटिन्यू'चा पर्यायच नव्हता. फक्त 'न्यू गेम'.

कॅसेटच्या पोटात एक बटणसेल असतो, सेव्ह त्याच्या जिवावर टिकतं. गोल्डमध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून तो आधीच्या पोकेमॉनपेक्षा लवकर आटपतो. सेल डाग देऊन बसवलेला असल्यामुळे साध्या घड्याळासारखा बदलता येत नाही. लॅमिंग्टन रोडला गेले. फुटपाथवर मोबाइल उघडून बसलेल्या एका पोरानं भिंगातून बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, डेटा तो गया हुआ है." म्हटलं, माहितीये, तू सेल लाव. त्यानं जुना सेल उचकटला, पत्र्याचे कान असलेला नवा लावला, दोन ठिपके डाग. ८० रुपये. सगळं मिळून सहा मिनिटं. मग म्हणाला, "इसमें सांप वाला गेम है क्या?"

तर नव्यानं सुरुवात. लहानपणी माझा पोकेमॉन टायफ्लोजन होता, आता मगर घेतलीय. इंग्रजी आता नीट समजतं, त्यामुळे गावातले लोक किती निरर्थक बोलतात तेही समजतं. खऱ्या घड्याळाचा खेळ मात्र अजून भुलवतो. युनियन केव्ह या गुहेत लॅप्रास नावाचा पोकेमॉन फक्त शुक्रवारी येतो. गेल्या शुक्रवारी सीएसएमटीहून सुटलेल्या स्लो लोकलमध्ये गुहेत शिरले, भायखळ्याला तो दिसला, दादर येईतो बॉल संपले. शेजारची बाई विचारत होती, "पकडला का?"

निलांबरी

कुंदा, पुढच्या शुक्रवारी तरी पकड गं! मीही लेडीज डब्यातच असते.

गोट्या भांडुपकर

चला, एक गंभीर प्रतिसाद देतो, नाहीतर हाकलाल. 'प्रिन्स ऑफ पर्शिया : सँड्स ऑफ टाइम', २००३, पीएसटू. सुरुवातच आपल्याकडे होते. भारताच्या महाराजाचा महाल लुटतात, खंजीर पळवतात, राजकन्येला धरून नेतात. पहिल्यांदा खेळलो तेव्हा आपण लुटारूंच्या बाजूनं आहोत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, भिंतीवरून पळायला मिळतंय यातच खूश.

चूक झाली की खंजिराची वाळू वापरून वेळ मागे फिरवायचा. आणि वाळू संपून मेलोच तर, ही गोष्ट सांगणारा राजपुत्र म्हणतो की छे, असं झालंच नव्हतं, आणि पुन्हा सांगायला लागतो. आजोबा गोष्ट सांगताना चुकले की असंच करायचे. चढणं-लटकणं आजही एक नंबर. मारामारी कंटाळवाणी, तेच ते वाळूचे लोक, पुन्हापुन्हा उठतात. पावसात पीएसटूचा ट्रे उघडत नाहीये, नखानं ओढून काढतो.

आरसी जॅक

ट्रेचा रबरी पट्टा सैल झालाय. नखानं ओढू नका हो. सीडींवर बुरशीचे ठिपके येत असतील तर डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

चाळकरी

निकाल आणलाय. काल दादा डबा घेऊन आला, पायाची चौकशी हे निमित्त.

डबा उघडला तर आत झुरळाची अंडी आणि २००१ सालच्या वर्तमानपत्राचा तुकडा. अ‍ॅडॉप्टर नव्हता. बुडाशी खूण बघितली, आत वजा. जॅकभाऊंनी सांगितलं नसतं तर मी राउटरचा खुपसणार होतो. शेजारच्यांच्या जुन्या कीबोर्डचा जुळला. नव्या टीव्हीला मागे अँटेनाचं भोक अजून आहे. चॅनेल शोधायला लावले आणि मुंग्यांच्या मधून एकदम ते वेडंवाकडं मेन्यूचं गाणं. मुलगा खोलीतून बाहेर आला, म्हणाला, "हे काय आहे?"

काड्या सहा काळ्या झाल्या.

मारिओ लावला. चौघं जण हाताची घडी घालून बसलो. दादाच्या हातात स्टॉपवॉच. जागेवर उभा असलेला मारिओ इतका वेळ बघणं हा एक वेगळाच अनुभव आहे. बायको म्हणाली, हा तुझ्यासारखाच बसलाय. १०० उरले तसं गाणं धावायला लागलं, मुलगा ओरडला की त्याला हलवा, हलवा! शून्य झालं, मारिओ पडला. दादानं मोबाइल पुढे केला : ३ मिनिटं ११ सेकंद.

म्हणजे ५०. म्हणजे आम्ही आयुष्यभर संथ कॉन्ट्रा खेळलो. बायकोनं मान्य केलं. तिचे शब्द : "बरं, सहाव्या हिश्श्याइतकं वय झालं नाही."

मग अर्थात कॉन्ट्रा लावला. दोघं. हाताला लगेच ओळख पटली, गोळी यायच्या आधी अंगठा खाली जात होता. पूल एका दमात पार. धबधब्यावर दादा पुढे चढला आणि मी मेलो. "चुकून," म्हणाला. मावशी, तुमच्या जावेची आठवण आली. तरी सहाव्या स्टेजपर्यंत पोचलो, माझा अंगठा सुजला, आणि माझ्या लक्षात आलं की माझे जीव संपतच नाहीयेत.

दादाला विचारलं. तो सहज म्हणाला, "तीस घेतलेत ना. वर वर, खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी ए."

म्हटलं, आपण कोड न घेता काढायचो.

"तू काढायचास. कोड मी मारायचो. तू नळावर पाणी प्यायला गेलास की."

गोट्या भांडुपकर

हे वहिनींना सांगितलंत का?

चाळकरी

ती शेजारीच बसून धागा वाचतेय.